पंचविशीनंतरची मुरुमं : बायका मला विचारतात ते प्रश्न

माझ्यासमोर बसलेल्या बाईंनी आधी पर्समधून ओला टिश्यू काढला, चेहऱ्यावरचं फाउंडेशन पुसलं आणि मग म्हणाल्या, "आता बघा. असा चेहरा मी घरातसुद्धा कुणाला दाखवत नाही." वय ३४. हनुवटीवर तीन लालभडक गाठी आणि जबड्याच्या कडेने जुने काळसर डाग. या वयात मुरुमं येणारी आपण एकटीच, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

त्या एकट्या नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मी हा त्रास रोज बघते. खालचे प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या बायकांचेच आहेत. एक विनंती मात्र आधीच करते : इथे गोळ्यांची नावं आली आहेत, पण त्या आपल्या आपण सुरू करू नका. त्यातल्या काही गोळ्यांनी पोटातल्या बाळाला कायमची इजा होऊ शकते.

मुरुमं वयात येताना येतात ना? मग मला आता का?

वयात येताना येतात हे खरं, पण ती विशीत थांबतीलच असं नाही. पंचविशी ओलांडल्यावर येणाऱ्या मुरुमांना आम्ही प्रौढ वयातली मुरुमं म्हणतो, आणि ती पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतात. बहुतेकींचा त्रास शाळेच्या वयापासून चालत आलेला असतो. मधली एक-दोन वर्षं बरी जातात आणि पुन्हा सुरू होतं. काहींचा चेहरा मात्र तिशीपर्यंत नितळ असतो आणि मग कुठून तरी पहिली गाठ उठते.

त्वचेच्या आत चार गोष्टी घडतात. तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो. आणि सूज येते. हा जिवाणू तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच त्वचेवर असतो. तो कुणाकडून लागत नाही, म्हणून मुरुमं संसर्गजन्य नाहीत. आई किंवा वडिलांना बरीच मुरुमं येत असतील, तर तुम्हाला येण्याची शक्यता वाढते.

हनुवटी आणि जबड्यावरच का येतात? पाळीच्या आधी का वाढतात?

अँड्रोजेन म्हणजे ज्यांना आपण पुरुषी संप्रेरकं म्हणतो, ती बायकांच्या शरीरातही तयार होतात. ती बीजकोशात आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींत बनतात आणि तैलग्रंथींना तेल सोडायला लावतात. पाळीच्या आधीच्या आठवडाभरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही बायकी संप्रेरकं खाली येतात, अँड्रोजेनचं पारडं त्या मानाने जड होतं आणि हनुवटीवर दुखरी गाठ उठते. पाळी सुरू झाली की ती बसू लागते. बऱ्याच जणी तारीख न बघता निव्वळ हनुवटीवरून सांगतात, की चार दिवसांत पाळी येणार.

पण जबड्यावर आली म्हणजे हार्मोनची आणि गालावर आली म्हणजे दुसऱ्या कशाची, असं सरळ गणित नाही. अनेकींना कपाळ, गाल, पाठ सगळीकडे येतात. जागा बघून अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही.

माझ्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या. मग हे हार्मोनमुळे नाही ना?

असंच वाटतं, पण तसं नाही. मुरुमं असलेल्या बहुतेक बायकांच्या रक्तात अँड्रोजेनचं प्रमाण नॉर्मलच सापडतं. फरक असतो तो तैलग्रंथींच्या संवेदनक्षमतेत. तेवढ्याच संप्रेरकाला एकीची ग्रंथी शांत राहते आणि दुसरीची खवळते. शिवाय त्वचा स्वतःसुद्धा थोडं अँड्रोजेन तयार करते आणि ते रक्तात मोजलं जात नाही. म्हणूनच रिपोर्ट नॉर्मल असूनही संप्रेरकांवर काम करणारी औषधं लागू पडतात. "रिपोर्ट चांगला आहे, तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगून कुणी परत पाठवलं असेल, तर ते तुम्ही मान्य करू नका.

मग तपासण्या कुणी करायच्या? पीसीओएस कसं ओळखायचं?

मुरुमांसोबत आणखी काही असेल तर तपासण्या करायच्या. पाळी ३५ दिवसांहून लांबते किंवा वर्षातून आठपेक्षा कमी वेळा येते. हनुवटीवर, ओठांवर, पोटावर राठ केस येतात. भांग रुंद होत चालला आहे. मानेवर, काखेत काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा दिसते. दिवस राहायला अडचण येते आहे. वजन भराभर वाढलं आहे. यातलं काही असेल तर पीसीओएसचा, म्हणजे बीजकोश आणि संप्रेरकांशी निगडित विकाराचा, विचार करावा लागतो. आवाज घोगरा होणं किंवा काही महिन्यांतच खूप केस उगवणं हे मात्र वेगळं आहे. तिथे वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं.

रक्तात साधारणपणे टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-एस, १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि साखर बघतात, गरज वाटली तर सोनोग्राफी. रक्त पाळीच्या पहिल्या काही दिवसांत दिलेलं चांगलं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण गोळ्यांमुळे आकडे दबतात आणि आजार असूनही रिपोर्ट चांगला दिसतो. सोनोग्राफीत नुसत्या "गाठी" दिसल्या म्हणजे पीसीओएस झालं असंही नाही. पाळीची अनियमितता, वाढलेले अँड्रोजेन आणि बीजकोशांचं स्वरूप या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी लागतात, आणि तशीच लक्षणं देणारे इतर आजार नाहीत ना हे आधी पाहावं लागतं.

मी दिवसातून चार-पाच वेळा चेहरा धुते. तरी का जात नाहीत?

कारण मुरुमं अस्वच्छतेने येत नाहीत. बूच छिद्राच्या आत असतं, तिथे साबण पोहोचत नाही. वारंवार धुण्याने, घासण्याने वरचं संरक्षक आवरण मात्र निघून जातं, चेहरा ओढल्यासारखा होतो, आणि मग ज्या औषधाने खरा फरक पडणार असतो तेही झोंबायला लागतं. सौम्य फेसवॉश, कोमट पाणी, दिवसातून दोनदा. घाम आला तर आणखी एकदा. दाणेदार स्क्रब नको, ब्रश नको.

हे मी थोडं जोर देऊन लिहिते आहे, कारण "तोंड नीट धूत नाहीस का?" हा प्रश्न या बायकांनी इतक्या वेळा ऐकलेला असतो, की त्या स्वतःच स्वतःला दोषी मानू लागतात.

ही मुरुमंच आहेत, की दुसरं काही?

चांगला प्रश्न आहे आणि फार कमी जणी विचारतात. ब्लॅकहेड्स किंवा पांढरी बारीक पुरळ सोबत असेल, तर बहुधा मुरुमंच. गालांचा मधला भाग आणि नाक लाल राहतं, उन्हाने किंवा गरम पेयाने तापतं, बारीक रक्तवाहिन्या दिसतात पण ब्लॅकहेड्स नसतात, तर तो रोझेशिया असू शकतो. तोंडाभोवती बारीक लालसर पुरळ आणि ओठांलगतची अरुंद कड मात्र स्वच्छ, हे चित्र पेरिओरल डर्माटायटिसचं, आणि तो बऱ्याचदा स्टेरॉइडच्या मलमाने होतो. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच आकाराच्या, खाज येणाऱ्या बारीक पुळ्या असतील तर यीस्ट या बुरशीमुळे झालेला फॉलिक्युलायटिस, म्हणजे केसांच्या मुळांची सूज, आठवावा लागतो. अँटिबायोटिकने तो उलट वाढतो.

काही औषधांनीही मुरुमांसारखे फोड येतात : स्टेरॉइड, लिथियम, फेनिटॉइन, क्षयावरचं आयसोनियाझिड, जीवनसत्त्व बी-१२ चे मोठे डोस. दुसऱ्या आजारासाठी नवं औषध सुरू झालं आणि काही आठवड्यांत पुरळ उठलं असेल, तर ते सांगायला विसरू नका. मात्र औषध आपल्या आपण बंद करू नका.

मैत्रिणीने दिलेल्या क्रीमने आठ दिवसांत चेहरा उजळला. आता बंद केलं की फोड येतात.

त्या क्रीममध्ये स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. उजळ करणाऱ्या काही क्रीममध्ये ते लिहिलेलंही नसतं. स्टेरॉइड सूज आणि लाली झटकन दाबतं, म्हणून पहिल्या आठवड्यात जादू झाल्यासारखं वाटतं. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि नवे फोड उठतात. क्रीम थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावावंसं वाटतं आणि त्यातून सुटणं अवघड होतं.

बाहेर पडता येतं, पण काही आठवडे त्रासाचे जातात. एकदम सोडायचं की कमी करत आणायचं, हे किती दिवस आणि किती तीव्र क्रीम लावलं यावर ठरतं. ते एकटीने करू नका.

सुरुवात कशाने होते?

सौम्य किंवा मध्यम मुरुमं असतील तर लावायच्या औषधांनी. माझा पाया तीन गोष्टींचा आहे.

पहिली, रेटिनॉइड : ॲडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन. ही औषधं छिद्रातलं बूच बसूच देत नाहीत. पुढे येणारं मुरुम आज थांबवतात, म्हणून ती फक्त फोडावर नाही तर मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर लावायची.

दुसरी, बेंझॉइल पेरॉक्साइड. जिवाणू मारतं आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही. २.५ टक्क्यांचं पुरतं. १० टक्क्यांच्या ट्यूबने फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. रंगीत टॉवेल, उशीचा अभ्रा, काळा टी-शर्ट यांचा रंग त्याने उडतो, म्हणून पांढरा टॉवेल वेगळा ठेवा.

तिसरी, अझेलाइक ॲसिड, १५ किंवा २० टक्के. याची गती धीमी आहे, पण ते मुरुमांसोबत डागही फिके करतं आणि गरोदरपणातही चालतं. सावळ्या त्वचेच्या, नाजूक त्वचेच्या आणि मूल हवं असणाऱ्या बायकांसाठी माझा हात आधी याच ट्यूबकडे जातो.

सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश ब्लॅकहेड्सना थोडी मदत करतो, त्याहून जास्त अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक मलम एकटं कधीच नको, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हवंच, नाहीतर जिवाणू दाद देईनासे होतात. अलीकडे क्लास्कोटेरोन नावाचं १ टक्क्याचं क्रीम आलं आहे. त्याला २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते त्वचेतच अँड्रोजेनला अडवतं. सगळीकडे मिळतं असं नाही.

रेटिनॉइड लावलं की चेहरा सोलतो आणि जळतो. सोडून देऊ का?

सोडू नका. बहुतेक वेळा लावण्याची पद्धत चुकलेली असते.

रात्री चेहरा धुवा, टिपून कोरडा करा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. ओल्या त्वचेत औषध जास्त शिरतं आणि झोंबतं. मटाराच्या दाण्याएवढं बोटावर घ्या. पूर्ण चेहऱ्याला एवढंच. कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि पसरवा. पापण्या, नाकपुड्यांचे कोपरे, ओठांचे कोपरे सोडा. तिथे आधीच थोडं व्हॅसलीन लावलं तर उत्तम. त्यावर मॉइश्चरायझर. त्वचा फारच नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग पुन्हा मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन-तीन रात्रीच लावा, मग एक दिवसाआड, मग रोज. ट्रेटिनॉइनसोबत बेंझॉइल पेरॉक्साइड दिलं असेल तर ते सकाळी लावा.

वरचा ओठ किंवा गाल वॅक्स करत असाल, तर आधी आठवडाभर त्या भागावर हे औषध थांबवा. रेटिनॉइडमुळे वरचा थर पातळ झालेला असतो आणि वॅक्सच्या पट्टीबरोबर कातडीच निघते. ओठावर असा लालबुंद, ओलसर पट्टा घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आणि त्याचा काळा डाग मुरुमाच्या डागापेक्षा जास्त दिवस छळतो.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत मुरुमं थोडी वाढल्यासारखी वाटू शकतात. ते महिनाभरात ओसरतं.

किती दिवसांत फरक दिसेल?

आठ ते बारा आठवडे. एखाद्या औषधाला तीन महिने दिल्याशिवाय ते लागू पडलं नाही असं मी म्हणत नाही. माझ्या अनुभवात औषध चुकल्यामुळे जितके उपचार फसतात, त्याहून जास्त तिसऱ्या आठवड्यात ट्यूब बदलल्यामुळे फसतात. दर महिन्याच्या एकाच तारखेला, एकाच खिडकीपाशी, मेकअप न करता फोटो काढा. रोज आरशात बघणाऱ्या डोळ्यांना हळूहळू होणारा फरक कळत नाही.

अँटिबायोटिकच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या?

थोडेच. डॉक्सिसायक्लिन सूज पटकन उतरवतं, पण तीन-चार महिन्यांच्या पुढे ते चालू ठेवू नये, आणि सोबत लावायचं औषध हवंच. गोळी बंद झाल्यावर चेहरा त्या मलमानेच टिकतो. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडव्या होऊ नका, अन्ननलिकेला जखम होते. ऊन लागलं तर त्वचा लवकर भाजते. गरोदरपणात ही गोळी चालत नाही. वर्षानुवर्षं अधूनमधून अँटिबायोटिक घेत आला असाल, तर आता उपचाराची दिशा बदलायची वेळ आली आहे.

गर्भनिरोधक गोळ्यांनी मुरुमं जातात का?

इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम संप्रेरक) दोन्ही असलेल्या गोळ्यांनी कमी होतात. त्या बीजकोशातलं अँड्रोजेन घटवतात आणि रक्तात उरलेल्याला बांधून ठेवणारं प्रथिन वाढवतात. पाळी अनियमित असेल आणि गर्भनिरोधनही हवं असेल, तर त्या सोयीच्या पडतात. फरकाला तीन ते सहा महिने लागतात.

सगळ्यांना त्या चालत नाहीत. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झालेल्या, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून सुरू होणारी अर्धशिशी असणाऱ्या, रक्तदाब आटोक्यात नसलेल्या आणि स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांनी या गोळ्या घ्यायच्या नाहीत. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट रुग्णालय गाठायचं.

नुसतं प्रोजेस्टिन असलेल्या साधनांनी मात्र, म्हणजे काही इंजेक्शनं, हातात बसवायची कांडी किंवा हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी साधनं, काहींची मुरुमं वाढतात. तसं साधन बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर ते आवर्जून सांगा.

स्पायरोनोलॅक्टोन तर रक्तदाबाची गोळी आहे. ती मला का दिली?

ही गोळी हातात घेऊन, पाकिटावरचं वाचून घाबरलेल्या बायका पुन्हा पुन्हा येतात. ती लघवी वाढवणारी आणि रक्तदाब उतरवणारी गोळी आहे, हे खरंच. पण ती अँड्रोजेनलाही तैलग्रंथीवर काम करू देत नाही. हनुवटीवर वर्षानुवर्षं गाठी येणाऱ्या बायकांसाठी माझा या गोळीवर फार भरवसा आहे. ब्रिटनमध्ये ४१० बायकांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा गुण बारा आठवड्यांत थोडा, पण चोवीस आठवड्यांत ठळक दिसला. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते, सहा महिने धीर धरायचा.

साधारण ५० मिलिग्रॅमने सुरुवात होते आणि पुढे १०० पर्यंत जातात. पाळी पुढेमागे होणं, छाती दुखणं, लघवीला जास्त वेळा जावं लागणं, पटकन उठल्यावर गरगरणं हे त्रास होतात, बहुतेक वेळा सौम्य. शरीरातलं पोटॅशियम वाढू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा वाढलेलं वय असेल तर रक्त तपासत राहावं लागतं. तरुण, निरोगी बाईला दर महिन्याला पोटॅशियम तपासायची गरज नसते. पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून गोळी चालू असताना गर्भनिरोधन हवंच. पुरुषांच्या मुरुमांसाठी ही गोळी देत नाहीत, त्यांना छाती वाढण्याचा त्रास होतो. त्यामुळे ती नवऱ्याला किंवा भावाला देऊ नका.

आयसोट्रेटिनॉइनची भीती वाटते. घ्यावं का?

खोल गाठी, खड्डे पडत चाललेले, बाकी सगळं करून झालेलं, अशा वेळी घ्यावं. १९८२ पासून वापरात असलेलं हे पोटात घ्यायचं औषध तैलग्रंथी आकसवतं आणि मुरुमांच्या चारही कारणांवर एकदम काम करतं. बऱ्याच जणींचा त्रास एका कोर्समध्ये कायमचा किंवा दीर्घकाळ थांबतो. प्रौढ बायकांत तो काही वर्षांनी परतण्याची शक्यता किशोरवयीन मुलांपेक्षा जास्त असते, हेही आधीच सांगते.

एका बाबतीत तडजोड नाही. औषध चालू असताना आणि थांबवल्यावर पुढचा एक महिना दिवस राहता कामा नयेत. बाळाच्या मेंदूला, हृदयाला, कानांना, चेहऱ्याला गंभीर व्यंगं होऊ शकतात, आणि त्यासाठी डोस किती होता किंवा किती दिवस घेतलं हे बघावं लागत नाही. सुरू करण्याआधी गरोदरपणाची चाचणी, नंतर ती पुन्हा पुन्हा, आणि खात्रीचं गर्भनिरोधन. त्याच काळात रक्तदानही करायचं नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं जाऊ शकतं. उरलेल्या गोळ्या बहिणीला, मैत्रिणीला द्यायच्या नाहीत.

ओठ सगळ्यांचेच फाटतात, लिप बाम खिशातच ठेवा. डोळे कोरडे पडतात, सांधे दुखतात, रक्तातली चरबी आणि यकृताचे आकडे वाढू शकतात, म्हणून रक्त तपासतात. मन उदास राहायला लागलं, झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी कळवायचं. जीवनसत्त्व ए च्या गोळ्या आणि डॉक्सिसायक्लिन यासोबत घ्यायचं नाही.

मला मूल हवं आहे. किंवा दिवस राहिले आहेत. आता काय?

अझेलाइक ॲसिड चालतं. थोड्या भागावर बेंझॉइल पेरॉक्साइड आणि क्लिंडामायसिन मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतं. बंद करायचं ते हे : आयसोट्रेटिनॉइन, स्पायरोनोलॅक्टोन, डॉक्सिसायक्लिन आणि मिनोसायक्लिन ही अँटिबायोटिकं, आणि लावायची रेटिनॉइडसुद्धा. रेटिनॉइडच्या मलमातून रक्तात फार थोडं जातं, पण गरज नसताना धोका कशाला? प्रयत्न सुरू करायच्या आधीच डॉक्टरांशी बोललं तर घाईघाईत गोळ्या फेकाव्या लागत नाहीत. गोळी चालू असताना नकळत दिवस राहिले तर ती थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. स्वतःला दोष देत बसू नका.

अंगावर पाजत असाल तर वरची लावायची औषधं बहुतेक चालतात. बाळाचं तोंड लागेल तिथे काही लावायचं नाही, एवढं बघा.

मुरुम गेलं, पण काळा डाग तसाच आहे.

सावळ्या आणि गव्हाळ त्वचेच्या बायकांना मुरुमापेक्षा डागाचंच दुःख जास्त असतं, आणि ते मला पटतं. मुरुम दहा दिवस राहतं, डाग सहा महिने. सूज आली की रंगपेशी जास्त रंग सोडतात, तोच हा डाग. हा खड्डा नव्हे. बोट फिरवल्यावर सपाट लागतो आणि हळूहळू जातो.

त्याला लवकर घालवायचे दोन मार्ग. नवं मुरुम येऊ न देणं आणि रोज सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मानेला दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा येतील एवढं, घराबाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. आयर्न ऑक्साइड असलेलं किंचित रंगीत सनस्क्रीन दृश्य प्रकाशही अडवतं आणि सावळ्या त्वचेला त्याचा अधिक फायदा होतो. अझेलाइक ॲसिड आणि रेटिनॉइड डागावरही काम करतात, म्हणून वेगळं "डागांचं क्रीम" बहुतेक वेळा लागत नाही. लिंबू आणि बेकिंग सोडा चेहऱ्याला लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर नवे काळे चट्टे उठतात.

खड्डे पडले आहेत. ते क्रीमने भरतील?

नाही. खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं), लेझर, सबसिजन (खड्ड्याला खाली ओढणारे तंतू सुईने सोडवणं), अरुंद खोल खड्ड्यांत टोकाने लावायचं तीव्र ॲसिड असे उपाय आहेत. कोणता खड्डा कसा आहे त्यावर ठरतं आणि बऱ्याचदा दोन-तीन उपाय एकत्र लागतात. पूर्ण सपाट होत नाहीत, उथळ होतात. आधी मुरुमं आटोक्यात आणायची, मग खड्ड्यांकडे वळायचं.

खाण्यापिण्याचा संबंध आहे का?

थोडा आहे. रक्तातली साखर झपकन वाढवणारे पदार्थ, म्हणजे साखर, मैदा, गोड पेयं, यांचा मुरुमांशी संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे. दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, काही अभ्यासांत दिसतो. व्हे प्रोटीनची पावडर घ्यायला लागल्यावर मुरुमं वाढल्याचं मी बऱ्याचदा ऐकते, आणि ती थांबवून बघायला हरकत नसते. तेलकट खाल्लं म्हणून चेहरा तेलकट होतो, हे मात्र खरं नाही. एकेक पदार्थ सोडत सोडत ताट रिकामं करू नका. पथ्याने औषधाला हातभार लागतो, पण औषधाची जागा पथ्य घेत नाही.

ताणामुळे येतात का?

ताणाने वाढतात. परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांची मुरुमं बळावलेली आढळली आहेत. पण "टेन्शन घेऊ नका" हा काही उपचार नाही, म्हणून मी तो लिहून देत नाही. मुरुमांमुळेच ताण येतो ही बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. लग्नकार्यं टाळणं, कॅमेरा बंद ठेवून मीटिंग करणं, दिवे मालवल्यावरच मेकअप उतरवणं हे सगळं मी ऐकलं आहे. तसं होत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. चेहऱ्यावर चारच मुरुमं असली, तरी त्यांनी तुमचा दिवस व्यापला असेल तर उपचार जोरात करायला तेवढं कारण पुरे आहे.

मेकअप केला तर चालेल?

चालेल. नॉन-कोमेडोजेनिक, म्हणजे छिद्रं न बुजवणारा, असं लिहिलेला घ्या, झोपायच्या आधी उतरवा, ब्रश आणि स्पंज धूत राहा. कपाळावर आणि केसांच्या कडेने बारीक पुरळ असेल तर केसांचं तेल, जेल, कंडिशनर यांकडे बघा. हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा किंवा मास्क घासतो तिथेही येतात.

परवा महत्त्वाचा कार्यक्रम आहे आणि मोठी गाठ आली आहे. फोडू?

नको. खोल गाठीला तोंडच नसतं. दाबल्यावर पू बाहेर येण्याऐवजी आत फुटतो, सूज पसरते आणि खड्डा पडतो. स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटं धरा. वरवरच्या पिकलेल्या पुळीवर हायड्रोकोलॉइडचा (ओलावा शोषणारा) पॅच लावता येतो, निदान हात तरी लागत नाही. डॉक्टर गाठीत अगदी कमी मात्रेचं स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने गाठ एक-दोन दिवसांत बसते. मात्रा जास्त झाली तर तिथे तात्पुरता खळगा पडू शकतो, म्हणून हे अनुभवी हातांनीच करून घ्या. टूथपेस्ट लावू नका, भाजल्यासारखा डाग उठतो.

बरी झाली की औषध बंद करायचं ना?

गोळ्या बंद होतात, मलम चालू ठेवायचं. चेहरा स्वच्छ दिसत असला तरी बुचं बसणं आत चालूच असतं. रेटिनॉइड किंवा अझेलाइक ॲसिड आठवड्यातून तीन-चार रात्री, काही वर्षं. स्पायरोनोलॅक्टोन थांबवल्यावर काही महिन्यांत मुरुमं परतू शकतात, म्हणून डोस हळूहळू उतरवतो. चाळिशी-पन्नाशीत पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन उतरतं आणि काही जणींना पुन्हा येतात. त्या वयात त्वचा कोरडीही असते, तेव्हा सौम्य औषधं आणि जास्त मॉइश्चरायझर लागतं.

डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जाऊ?

सध्या लावत असलेलं सगळं. नावं आठवत नाहीत, म्हणून ट्यूबाच आणा. एकीने पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली, तेव्हा तिच्यातून अकरा ट्यूबा निघाल्या आणि त्यातल्या तीन ट्यूबांत स्टेरॉइड होतं. तिला ते माहीतच नव्हतं. मेकअप न करता या. गेल्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, प्रोटीन पावडरचा डबा आणि येत्या वर्षभरात मूल हवं आहे का याचं उत्तर बरोबर असू द्या. शेवटचं विचारण्यात मला तुमच्या घरात डोकवायचं नसतं, त्यावरून निम्मी औषधं ठरतात. आणि सगळ्यात वाईट दिवसाचा फोटो फोनमध्ये ठेवा. भेट नेमकी चेहरा बरा असलेल्या दिवशी येते, आणि उपचार ठरवताना मला तो वाईट दिवसाचा चेहरा बघायचा असतो.